रोल-टॉप पॅनियर: समुद्राकाठून एकटीने लांब जायचं असेल तर

सरळ मुद्द्यावर येते. लांबची टूर, एकटीची, ती पण समुद्राच्या काठाकाठाने असा प्लॅन असेल आणि सायकलला मागे कॅरिअर बसत असेल, तर रोल-टॉप पॅनियरची, म्हणजे कॅरिअरच्या दोन बाजूंना लटकवायच्या बॅगांची, एक जोडी घ्याच. माझ्याकडे बरीच वर्षं आहे, तिने ऊन, पाऊस, खारं वारं, वाळू सगळं बघितलंय आणि अजूनही टूर ठरली की माळ्यावरून पहिल्यांदा तीच खाली येते. हा रिव्ह्यू एका कंपनीच्या एका मॉडेलचा नाहीये, या प्रकारच्या बॅगेचा आहे, कारण आता बऱ्याच कंपन्या जवळपास सारखंच डिझाइन विकतात आणि फरक असतो तो दोन-तीन बारीक जागी. त्या जागा कुठल्या तेच सांगायचंय. बहुतेक व्हिडिओत बॅगेवर बादलीभर पाणी ओततात, आत हात घालून दाखवतात, बघा कोरडं, पैसे वसूल. पण पाणी आजकाल जवळजवळ सगळ्याच अडवतात हो. समुद्राकाठी एकट्या माणसासाठी बॅग पास की नापास हे ठरतं ती सायकलवरून किती पटकन निघते आणि परत लावल्यावर किती घट्ट बसते त्यावर, आणि याबद्दल फार कोणी बोलत नाही.

ज्यांनी कधी वापरली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल-टॉप म्हणजे झिप नसलेली, तोंड पूर्ण उघडं असलेली बॅग. तोंडाला एक कडक पट्टी असते, ती धरून तोंड किमान ३-४ वेळा गुंडाळायचं आणि बकल लावायचं, बास. कापड म्हणजे पॉलिस्टरवर पीव्हीसीचा थर, किंवा हलक्या मॉडेलमध्ये नायलॉनवर पीयू नाहीतर टीपीयूचा थर (तेही प्लास्टिकचेच प्रकार). मेन गोष्ट ही की चांगल्या बॅगेत तुकडे शिवलेले नसतात, उष्णतेने एकमेकांत वितळवून जोडलेले असतात. शिवण आली की सुईची भोकं आली, भोकं आली की वर टेप आली आणि ती टेप काही वर्षांनी सुटायला लागते. या बॅगा लोकप्रिय केल्या त्या ऑर्टलीब या जर्मन कंपनीने, १९८२ साली सुरू झाली ती. हार्टमुट ऑर्टलीब इंग्लंडमध्ये पावसात सायकलवर भिजत फिरत होते आणि ट्रकवरची ताडपत्री बघून त्यांना सुचलं की याचीच बॅग का नको. मला हे फार आवडतं कारण ही बॅग कोणत्या लॅबमध्ये नाही तर एका भिजलेल्या सायकलवाल्याच्या डोक्यात जन्माला आली, आणि ४० वर्षांत तिचा मूळ आकार फारसा बदललेला नाहीये.

आता वॉटरप्रूफ या शब्दाबद्दल, कारण इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. लेबलवर आयपी६४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला पहिला ६ म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी चालतं. बुडवलं तर चालेल असं ते म्हणत नाही. बुडवण्यासाठी शेवटचा आकडा ७ लागतो, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. रस्त्यावरच्या पावसाला, चाकाने उडवलेल्या चिखलाला, लाटेच्या तुषारांना ४ भरपूर झाला. पण काठाने जाताना खाड्या लागतात, नदीची मुखं लागतात, तिथे होडी किंवा फेरीने पलीकडे जावं लागतं, आणि धक्क्यावर चढता-उतरता बॅग पाण्यात पडणं ही काही अशक्य गोष्ट नाही. त्यामुळे फोन, पॉवरबँक, पासपोर्ट-बिसपोर्ट, औषधं यांना बॅगेच्या आत अजून एक छोटी ड्राय बॅग, म्हणजे पाणी न शिरणारी पिशवी, हवीच. आणि वळ्यांचं मनावर घ्या, बॅग गच्च भरली की तोंडाला दीडच वळी बसते, मग आयपी ६४ काय नि काय, वरून पाणी आत झिरपतंच. भरताना वर एक वीतभर तरी कापड मोकळं राहिलं पाहिजे.

आता माझ्या आवडीचा भाग, हुक.

बॅगेच्या पाठीवर वर दोन हुक असतात, ते कॅरिअरच्या आडव्या नळीवर बसतात, आणि खाली एक तिसरा हुक असतो जो कॅरिअरच्या उभ्या दांड्याच्या मागे अडकतो म्हणजे बॅग बाहेर झुलत नाही. चांगल्या सिस्टिममध्ये वरच्या हुकांना आतून एक खिटी असते आणि ती वरच्या हँडलच्या पट्ट्याला जोडलेली असते. हँडल धरून वर ओढलं की खिट्या उघडतात आणि बॅग हातात येते. परत लावताना नुसती नळीवर टेकवायची, हँडल सोडलं की खिट्या आपोआप नळीखाली जाऊन बंद होतात, टक् असा आवाज येतो. दोन आवाज आले पाहिजेत, डावा आणि उजवा, कधी जवळजवळ एकदमच येतात म्हणून कान द्यावा लागतो, एकच आला तर बॅग हलवून बघा. एवढं सगळं एका हाताने होतं आणि दुसऱ्या हाताने सायकल धरता येते. हे जे "दुसऱ्या हाताने सायकल धरता येते" आहे ना, त्यासाठीच मी या बॅगेचे पैसे मोजले. दोघं-तिघं असतील तर एकजण सायकली बघतो, दुसरा आत जाऊन पाणी आणतो. एकटीला ती सोय नसते. दुकान, टॉयलेट, मुक्कामाचा जिना, तिकिटाची खिडकी, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, सामान कुणाच्या भरवशावर ठेवायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे: महत्त्वाचं सगळं डाव्या बॅगेत, ती माझ्याबरोबर आत येते, उजव्या बॅगेत कपडे, तंबू, स्टोव्ह असलं जागा खाणारं आणि चोराला फार कामाचं नसलेलं सामान, ती सायकलवरच राहते आणि सायकलला कुलूप. डावीच का, तर मी सायकल नेहमी डाव्या बाजूने धरते, उतरल्यावर हात तिथेच जातो. तुम्ही उजवीकडे उतरत असाल तर उलट करा, पण एकदा ठरवलं की बाजू बदलू नका, दमल्यावर डोकं चालत नाही पण हात सवयीने बरोबर जातो.

धक्क्याच्या पायऱ्यांवर तर या बॅगांनी मला कायम वाचवलंय. बऱ्याच पॅनियरना खांद्याचा पट्टा मिळतो आणि लोक तो घरीच ठेवतात, वजन वाढतं म्हणून. समुद्राकाठच्या टूरला तो न्याच. दोन्ही बॅगा काढायच्या, एकीचा पट्टा डाव्या खांद्यावरून तिरका, दुसरीचा उजव्या खांद्यावरून तिरका, छातीवर फुली झाली पाहिजे, मग दोन्ही हात मोकळे. रिकामी सायकल उचलायची आणि पायऱ्या उतरायच्या. एकाच खेपेत सगळं खाली. दोन खेपा करायच्या म्हटलं तर अर्धं सामान वर आणि अर्धं होडीत असं होतं आणि होडीवाला घाई करत असतो, एकट्या बाईने नक्की कशाकडे लक्ष द्यायचं. झिपवाल्या, वेल्क्रोने बांधायच्या, किंवा दोन्ही बाजू मधल्या कापडाने जोडलेल्या ज्या जुन्या पद्धतीच्या बॅगा असतात त्यात हे जमतच नाही. त्यांचं वाईट बोलत नाही, रोजच्या ऑफिसला त्या मस्त आहेत.

खालचा तिसरा हुक मात्र दुकानात नीट बघून घ्या. तो एका रुळावर सरकतो, आपल्या कॅरिअरच्या दांड्याप्रमाणे जागा आणि कोन ठरवायचा आणि स्क्रू आवळायचा. एकदा मी एक स्वस्तातली जोडी वापरली होती, तिचा हा हुक खराब रस्त्यावर सारखा सरकायचा, मग प्रत्येक खड्ड्यात बॅग कोंबडीच्या पंखासारखी फडफडायची आणि वरच्या हुकांवर सगळा ताण. शेवटी वरचा एक हुक तडकला. झिप टायने, म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीने, बांधून मुक्काम गाठला, पण झिप टायने बांधलेली बॅग पटकन निघत नाही ना, म्हणजे ज्यासाठी घेतली तेच गेलं. वरच्या हुकांचंही तेच, कॅरिअरच्या नळीची जाडी वेगवेगळी असते, ८, १०, १२, १६ मिलिमीटर, आणि बॅगेबरोबर छोटे प्लास्टिकचे इन्सर्ट मिळतात ते नळीप्रमाणे हुकात बसवायचे. हे न बसवता बॅग लावली तर ती लागते, पण रस्ताभर कटकट वाजते आणि नळीचा रंग खरवडते, आणि समुद्राकाठी रंग गेला की तिथून गंज सुरू.

गंजावरच येऊया, कारण समुद्राकाठचं खरं दुखणं पाऊस नाही, मीठ आहे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं, लाटा फुटतात तेव्हा त्याचे बारीक तुषार हवेत जातात आणि वारा ते आत रस्त्यापर्यंत आणतो. संध्याकाळी सायकलवर बोट फिरवून चाखून बघा, खारट लागतं. आणि हे मीठ नुसतं पडून राहत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढतं आणि त्यातच विरघळतं, म्हणजे पावसाचा थेंब न पडताही रात्रभर सायकल खाऱ्या पाण्याने ओली असते. काठावर रात्री तेवढी आर्द्रता असतेच. म्हणूनच लोक म्हणतात ना की पाऊस तर नव्हता मग चेन लाल कशी झाली, ती अशी.

बॅगेला स्वतःला याचं काही होत नाही. पीव्हीसीला मीठ चिकटतं, ओल्या फडक्याने पुसलं की गेलं. चांगल्या बॅगेत हुक, रुळ, बकल सगळं प्लास्टिकचं असतं. पण ज्या कॅरिअरवर बॅग बसते ते बोल्टवर उभं असतं, साधारण ५ मिलिमीटरचे, ४ नंबरच्या अॅलन कीचे, आणि सगळं वजन त्या दोन-चार बोल्टवर. बोल्ट काढून डोक्यावर काय कोरलंय ते बघा, बारीक अक्षरं असतात, भिंग लागेल कदाचित. ए२-७० लिहिलं असेल तर ते नेहमीचं स्टेनलेस, ३०४ च्या जातीचं. ए४-७० असेल तर ३१६ च्या जातीचं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड त्याला सहज खात नाही, बोटींवर वापरतात ते हेच. काहीच लिहिलं नसेल आणि डोक्याच्या खाचेत तपकिरी कडं दिसत असेल तर ते साधं लोखंड आहे वर मुलामा दिलेलं, टूरच्या आधी बदला. हार्डवेअरच्या दुकानात मागितलं तर मिळतात, फार महाग नसतात, आणि दोन जास्तीचे टूल बॅगेत टाका.

अजून एक. फ्रेम अॅल्युमिनियमची आणि बोल्ट स्टीलचा असेल तर मधे खारं पाणी गेलं की बॅटरीसारखा प्रकार होतो, दोन वेगळे धातू आणि मधे मिठाचं पाणी, आणि त्यात अॅल्युमिनियम झिजतं. पांढरी पावडर दिसते आणि बोल्ट आत असा जाम होतो की काढताना डोकंच तुटतं. उपाय सोपा आहे, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट पक्का धरणारा गोंद), निळं वालं, आट्यांना लावून बसवायचं. त्याने बोल्ट हादऱ्याने सुटत पण नाही आणि आट्यांमध्ये पाणी शिरायला जागा पण राहत नाही. मी रोज मुक्कामावर पोचले की बॅगा काढते आणि कॅरिअर हाताने धरून जोरात हलवून बघते, अर्ध्या मिनिटाचं काम. एका खाडीकाठच्या रस्त्यानंतर असंच हलवलं तर डाव्या बाजूला खळ्ळ आवाज आला, बोल्ट अर्धा बाहेर आला होता, अजून थोडा वेळ गेला असता तर सगळं कॅरिअर चाकात. बॅगा सहज निघतात म्हणूनच हे तपासणं होतं, नाहीतर भरलेल्या बॅगांखालचे बोल्ट दिसतही नाहीत.

वाळू. वाळूबद्दल मला राग आहे. ती बकलमध्ये जाते, हुकाच्या खिटीत जाते, आणि मग ते टक् येत नाही, नुसतं चर्र. लोक लगेच तेल सोडतात, तेल अजिबात सोडू नका, तेलाला वाळू अजून चिकटते आणि प्लास्टिक घासायला पॉलिश पेपर तयार होतो. गोड्या पाण्याची बाटली घेऊन धार सोडायची, खिटी दहा वेळा उघडझाप करायची, झालं. चेनचंही तसंच आहे, काठावर तेल कमी आणि पुसणं जास्त, पण तो वेगळा विषय आहे. पाणी मारताना प्रेशरचा पाइप नको, तो मीठ बेअरिंगच्या आत ढकलतो.

वाऱ्याबद्दल थोडं, कारण पॅनियर नको म्हणणारे सगळे वाऱ्याचंच कारण देतात आणि त्यात तथ्य आहे. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते, दुपारी हा वारा सगळ्यात जोरात असतो, रात्री उलटा होतो. तुम्ही काठाला समांतर चाललेले असता, म्हणजे दुपारभर वारा बाजूने. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. दोन मोठ्या बॅगा म्हणजे दोन शिडं, एखादा ट्रक बाजूने गेला की क्षणभर वारा अडतो आणि ट्रक गेल्यावर एकदम परत आदळतो, सायकल हातभर सरकते. याला बॅगेच्या बाजूने दोनच उपाय आहेत. एक, वजनदार वस्तू अगदी तळाशी आणि पाठीला चिकटून, म्हणजे चाकाजवळ, हलकं वर. दोन, दोन्ही बाजू सारख्या, मी घरी लगेजच्या काट्याने मोजते, अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक ठेवत नाही. बॅगा कॅरिअरवर जमेल तेवढ्या पुढे सरकवायच्या, पण इतक्या नाही की पेडल मारताना टाच लागेल. टाच लागणं हा फार त्रासदायक प्रकार आहे, मोठे पाय असतील आणि सायकल टूरिंगची नसेल, म्हणजे मागचा भाग आखूड असेल, तर बॅग घ्यायच्या आधी सायकल दुकानात नेऊन, बॅग लावून, पेडल उलटं फिरवून बघाच. बाकी उपाय बॅगेचा नाही, घड्याळाचा आहे: पहाटे निघा आणि जास्तीत जास्त अंतर दुपारच्या आत उरका.

दिशेचाही विचार करा. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याने जाणारे बहुतेक सायकलवाले उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, कारण उन्हाळ्यात तिथे वारा जास्त करून वायव्येकडून असतो, म्हणजे पाठीशी, आणि तिकडे वाहतूक उजव्या बाजूने असल्याने समुद्रही आपल्याच बाजूला राहतो. डाव्या बाजूने वाहतूक असलेल्या देशात समुद्र डावीकडे ठेवला तर तोच फायदा, मधे दुसरी लेन नाही, थांबावंसं वाटलं की रस्ता न ओलांडता थांबता येतं. फक्त मग कडेच्या कठड्याला आणि झुडपांना तीच बॅग घासते, म्हणून मी ज्या बाजूला कठडा असणार त्या बॅगेच्या बाहेरच्या कोपऱ्यावर आधीच रिपेअर टेपचा एक तुकडा चिकटवून ठेवते.

आता खरी तक्रार, आणि ही या प्रकारच्या सगळ्याच बॅगांची आहे. ज्या कापडातून पाणी आत येत नाही त्यातून बाहेरही जात नाही. ओला टॉवेल, घामाचा टीशर्ट, दवाने भिजलेला तंबू आत टाकून तोंड गुंडाळलं की दुपारच्या उन्हात आत वाफ होते आणि रात्री कोरड्या कपड्यांनाही तो कोंदट वास. समुद्राकाठी तर कपडे वाळतच नाहीत नीट, मिठामुळे चिकट राहतात. एकटीकडे दोनच बॅगा, "ओलं त्याच्या बॅगेत टाकू" अशी सोय नाही. मला जमलेला मार्ग हा की ओलं काहीही पॅनियरच्या आत जात नाही, ते वर कॅरिअरवर जाळीच्या पिशवीत बंजीने, म्हणजे ताणणाऱ्या दोरीने, बांधायचं, चालता चालता वाळतं, आणि समुद्रात भिजलेलं असेल तर आधी गोड्या पाण्यातून काढून. काही बॅगांना बाहेरून जाळीचा खिसा वेगळा लावता येतो, तो घेण्यासारखा आहे. मुक्कामावर बॅग पूर्ण रिकामी करून उलटी करून टांगा. हा त्रास रोजचा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही, पण रोज कोरडी झोपण्याची पिशवी मिळते त्यापुढे मला तो चालतो.

दुसरी तक्रार, आत खिसे फार नसतात. बॅग म्हणजे विहीर, हवी ती वस्तू कायम तळाला. मी आत वेगवेगळ्या रंगाच्या हलक्या पिशव्या ठेवते, रात्री टॉर्च न लावताही कुठली कुठे आहे ते हाताला कळतं कारण प्रत्येकीचं कापड वेगळं आहे. पंक्चरचं सामान आणि रेनकोट मात्र कधीच पॅनियरच्या पोटात नको, ते सगळ्यात वर, वळीच्या लगेच खाली.

फाटलं तर? कापड जाड असतं, सहज फाटत नाही, पण सायकल पडली आणि बॅग दगडावर घासली तर भोक पडू शकतं. ट्यूबच्या पंक्चरचं सोल्युशन यावर लावू नका, ते रबरासाठी असतं, पीव्हीसीला नीट धरत नाही. टीपीयूचे चिकटणारे पॅच मिळतात, तंबूसाठी विकतात तेच. जागा आधी गोड्या पाण्याने धुवून, वाळवून, स्पिरिटने पुसून मग चिकटवायचे, मिठाचा थर राहिला तर दुसऱ्या दिवशी पॅच वाऱ्यावर. आतून एक बाहेरून एक लावला तर वर्षानुवर्षं टिकतो. आणि हुक, बकल, रुळ हे सगळं स्क्रूने बसवलेलं आहे की रिव्हेटने ते घेताना बघा. स्क्रू असतील तर सुटे भाग मागवून कुठेही बदलता येतात. एकटी असताना दुरुस्ती करणारी तुम्हीच, त्यामुळे जे माझ्या छोट्या टूल किटने उघडत नाही ते मी घेत नाही, मग कितीही सुंदर असू दे.

बाइकपॅकिंगच्या बॅगा घेऊ का असं हल्ली सगळेच विचारतात, सीटखाली लांबुडकी बॅग, फ्रेमच्या त्रिकोणात एक, हँडलवर एक. मी त्याही वापरल्यात. वारा कमी लागतो हे खरं, कॅरिअर लागत नाही, खडबडीत कच्च्या वाटेवर सायकल चपळ राहते. पण सीटखालची बॅग १० ते १६ लिटरची, ती तीन-चार पट्ट्यांनी बांधायची, आणि प्रत्येक वेळी काढायची-घालायची म्हणजे पाच-सात मिनिटं. दिवसातून एकदा काढायची असेल तर काही नाही. पण काठाने जाताना दर तासा-दोन तासाला काहीतरी असतं, दीपगृह बघायचंय, किल्ल्यावर चढायचंय, पाण्यात पाय घालायचेत, होडी पकडायचीय. बॅग पटकन निघत नाही म्हणून माणूस थांबायचंच टाळतो, मी स्वतः टाळलंय, आणि थांबायचं नसेल तर समुद्राकाठून कशाला जायचं. म्हणून जंगल-डोंगरातल्या कच्च्या ट्रेलसाठी बाइकपॅकिंग बॅगा, काठाच्या डांबरी रस्त्यासाठी पॅनियर, माझं मत पक्कं आहे.

साइज आणि रंग. मागची जोडी मिळून साधारण ४० लिटर, तंबूसकट एकटीला पुरते. कॅरिअरवर वजनाची मर्यादा छापलेली असते, बऱ्याच कॅरिअरवर २५ किलो, त्याच्या जवळपासही जाऊ नका, खराब रस्त्यावर आदळताना तेच वजन कितीतरी जास्त होतं. रंग पिवळा किंवा केशरी घ्या, काळा सुंदर दिसतो पण धुक्यात आणि संध्याकाळी मागून येणाऱ्या गाडीला तो दिसत नाही, आणि उन्हात काळ्या बॅगेच्या आत जास्त तापतं. रिफ्लेक्टरचा तुकडा मोठा असला पाहिजे आणि बाजूला असला पाहिजे, काही बॅगांवर तो अशा जागी असतो की पट्टा लावला की झाकला जातो. गडद रंगाची आधीच असेल तर फेकू नका, रिफ्लेक्टिव्ह टेप लावा.

पुढच्या चाकाच्या बॅगा लागतात का? स्वयंपाकाचं सामान, जाड कपडे आणि जास्तीचं पाणी नेत असाल तर हो, सगळं मागे लादण्यापेक्षा थोडं पुढे खाली गेलं तर हँडल थरथरत नाही, उतारावर सायकल सरळ धावते. पण पुढच्या बॅगांवर बाजूचा वारा थेट हँडल फिरवतो, आणि चार बॅगा म्हणजे पायऱ्यांवर दोन खेपा, छातीवरची फुली विसरा. एकटीने जायचं आणि वाटेत होड्या असतील तर मी सामान कमी करते, बॅगा वाढवत नाही.